नंबर नसलेलं तिकीट

माझे धाकटे दीर जन्मभर रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे बसले. खिडकीमागे बसणाऱ्याला पुढे उभा असलेला प्रत्येक जण याचक वाटतो, आणि निवृत्त झाल्यावरही ती नजर उतरत नाही. सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे नातेवाइकांची रीघ लागायची. कुणाला लग्नाला जायचं असे, कुणाला बाळंतिणीकडे. दीर खुर्चीत पाय हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघतो." अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी माणसं तेवढ्या "बघतो"वर हात जोडून जायची. सख्ख्या थोरल्या भावालाही, म्हणजे आमच्या ह्यांना, त्यांनी त्यापलीकडे कधी फारसं काही दिलं नाही. घरात आम्ही त्यांना पाठीमागे कन्फर्मसाहेब म्हणायचो. तोंडावर भाऊजी.

अक्का, माझी थोरली बहीण, नवऱ्याबरोबर कायमची परदेशी निघाली तेव्हा मला तिला निरोप द्यायला जायचं होतं. भाऊजी नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांनी बघितलं, जागा नव्हती. मी म्हटलं, जनरल डब्यात बसून जाते. तर सासूबाईंच्या देखत म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका जनरलमध्ये बसत नाहीत, वहिनी." विषय संपला. अक्का गेली. त्या काळी घरातल्या पुरुषाने नाही म्हटलं की बायका पोळपाट पुढे ओढायच्या, तसा मीही ओढला.

आता भाऊजींची मुलगी त्याच देशात नोकरी करते. तिने आईवडिलांबरोबर मलाही महिनाभर बोलावून घेतलं. अक्काचं गाव तिच्या शहरापासून रेल्वेने फार लांब नव्हतं. पोचले त्याच दिवशी मी अक्काच्या मुलीला फोन केला.

"मावशी, सकाळची ये," भाची म्हणाली. "आई सकाळी माणसं ओळखते. दुपारचं जेवण झालं की पाटी कोरी. मग मलासुद्धा विचारते, तुम्ही कुणाच्या."

मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "बघतो."

बघता बघता महिना सरला. संग्रहालयं झाली, बागा झाल्या, बागेतल्या प्रत्येक पुतळ्यासमोर भाऊजींचे फोटो झाले. उद्याचं आमचं परतीचं विमान, म्हणजे हातात एक सकाळ उरली. पुतणी म्हणाली, "मोठी आई, मी फोनवर तिकिटं काढून देते, मिनिटाचं काम आहे."

"तिकीट मी काढणार," भाऊजी म्हणाले. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हा धंदा करतोय."

पुतणी कामावर गेली. भाऊजींनी टाय बांधला. तिकीट काढायला टाय लागतो हे मला नव्याने कळलं.

स्टेशन स्वच्छ, उंच छताचं. तिकिटाची यंत्रं ओळीने उभी होती आणि लोक चालता चालता त्यांना बोट लावून तिकीट घेऊन पुढे जात होते. भाऊजींनी यंत्रांकडे सावत्र मुलांकडे बघावं तसं बघितलं आणि कोपऱ्यातल्या एकुलत्या एका खिडकीच्या रांगेत आम्हाला उभं केलं. आत केस वर बांधलेली एक मुलगी बसली होती. भाऊजींनी तिला आधी स्वतःची नोकरी सांगितली. तिने मान हलवली. मग हुद्दा सांगितला. तिने पुन्हा मान हलवली आणि आमच्या मागच्या माणसाकडे बघितलं. शेवटी तिघांचं मिळून एक तिकीट निघालं.

भाऊजींनी चष्मा वर करून ते उलटसुलट पाहिलं. "डब्याचा नंबर? सीट नंबर?"

"नंबर नाही," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "कुठलीही गाडी. आज दिवसभर."

भाऊजी खिडकीपासून बाजूला झाले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "वेटिंगचं दिलंय. मला शिकवते."

"अहो, कुठलीही गाडी म्हणतेय ना ती?"

"वहिनी, कुठलीही गाडी म्हणजेच कुठलीच नाही. असं आम्हीही सांगायचो."

ते म्हणताना त्यांना काही वाटलं नाही. मी मात्र ते वाक्य नीट घडी घालून ठेवून दिलं.

फलाटावर गाडी आली. दारं आपोआप उघडली. आत अर्धे बाक रिकामे. एक बाई कुत्रा घेऊन चढली, एक म्हातारा काठी टेकत चढला. मी पाऊल उचललं तर भाऊजींनी हात आडवा घातला. "थांबा. चार्ट बघून येतो."

आणि हे गृहस्थ टाय सावरत डब्याडब्याच्या दाराशी जाऊन चिकटवलेला कागद शोधू लागले, ज्याच्यावर आमची तीन नावं असणार होती. पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत गेले. दारं मिटली, गाडी गेली. परत आले ते कपाळाला आठ्या घालून.

"चार्टच लावलेला नाही. काय रेल्वे चालवतात ही माणसं."

"भाऊजी, आतली जागा रिकामी होती."

"रिकामी दिसते. पुढच्या स्टेशनावर ज्याची आहे तो चढतो आणि चारचौघांत उठवतो. मी आयुष्यभर लोकांना उठवलंय, मला सांगू नका."

धाकटी जाऊ बाकावर बसून पर्सच्या पट्ट्याला पीळ घालत होती. लग्नापासून ती असंच काहीतरी पिळत आली आहे. मी तिला हळूच म्हटलं, "तू तरी बोल."

"मी बोलले की ते आणखी वेळ लावतात, ताई."

दुसरी गाडी आली. भाऊजींनी पुन्हा शोध केला, या वेळी दुसऱ्या टोकाकडून. दुसरी गाडी गेली. मग ते तिकीट कन्फर्म करून घ्यायला खिडकीवर गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. समोरच्या घड्याळाचा काटा मी बघायचा नाही असं ठरवून बघत होते. अक्काकडे आता स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली असतील. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी खूप पाहिली, पण कांदा नसताना सोलणारा हा एकच.

भाऊजी परतले. चेहरा लाल. "दर वेळी एकच उत्तर देते, एनी ट्रेन. वरिष्ठांना बोलवा म्हटलं तर म्हणे मीच वरिष्ठ. हे धर," त्यांनी तिकीट बायकोच्या हातात कोंबलं. "समोर गाडी येतेय. मी गार्डशीच बोलतो. एक रेल्वेवाला दुसऱ्याला ओळखतो. हलू नका इथून."

गाडी थांबली. भाऊजी मागच्या टोकाकडे, गार्ड शोधत. या गाडीला गार्ड नसावा, कारण ते शेवटच्या डब्याच्या बंद काचेवर टकटक करताना मला दिसले. आत कुणीच नव्हतं.

मी उठले आणि जावेपुढे हात केला. "तिकीट दे."

तिने नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पर्सचा पट्टा सोडला आणि कागद माझ्या हातात ठेवला.

"चल तूही."

"मला तिथे कोण ओळखतंय, ताई. तुम्ही जा. ह्यांच्याजवळ कुणीतरी लागतं, नाहीतर ते स्टेशनमास्तरलाही चार्ट विचारतील." मग जरा थांबून म्हणाली, "मी काय सांगू त्यांना?"

"सांग, तुमचं नाव वेटिंगमध्ये आहे."

ती हसली. इतक्या वर्षांत तिला तोंडावर हात न ठेवता हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दारं मिटली. गाडी हलली तशी भाऊजी काचेवरून वळले आणि मला खिडकीत बसलेली पाहून त्यांचं तोंड उघडलं. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. त्या देशातल्या गाड्यांच्या काचा फार चांगल्या आहेत.

डब्यात तिकीट तपासनीस आली. कागद वाचला, तीन बोटं दाखवली आणि माझ्या आजूबाजूला बघितलं. मी मागे गेलेल्या स्टेशनाकडे अंगठा केला. तिने तिकीट परत दिलं आणि पुढे गेली. कुणी उठवलं नाही.

गाडीतूनच फोन केला होता, त्यामुळे भाची स्टेशनवर होती. "मावशी, आईला ताट वाढलंय," एवढंच म्हणाली आणि भरभर चालू लागली. घर जवळ होतं. अक्का जेवणाच्या टेबलाशी बसली होती, हातात चमचा, अर्धं ताट शिल्लक. केस सगळे गेलेले, पण मान तशीच ताठ. मला दारात बघून तिने चमचा खाली ठेवला.

"ही काय यायची वेळ?" ती म्हणाली. "मला वाटलं या खेपेसही त्या लोकांनी सोडलं नाही तुला."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. तिने माझा हात धरला, दुसऱ्या हाताने जेवत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, टाय, चार्ट, बंद काचेवरची टकटक. अक्का इतकी हसली की भाचीने पाण्याचा पेला पुढे केला.

"मी तेव्हाच बाबांना म्हटलं होतं, या घरात पोरगी देऊ नका," ती डोळे पुसत म्हणाली. "धाकट्याला बघितलं होतं ना मी, तुझ्या साखरपुड्यात. पंगतीत पानांना नंबर घालत फिरत होता."

हे मी साफ विसरले होते. खरंच फिरत होता.

मग ताट उचललं गेलं. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या हातावरची तिची पकड सैल झाली आणि तिने तो हात अलगद माझ्या मांडीवर ठेवून दिला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा. माझ्या पर्समध्ये फोन वाजत होता. भाऊजी असणार. मी तो बंद केला.

"आपण कुठून आलात?" अक्काने परक्या बाईला विचारावं तसं अदबीने विचारलं.

भाचीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "रेल्वेने आले. त्याचीच गंमत झाली, सांगू?"

"सांगा की."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काचेवरच्या टकटकीपाशी अक्का पुन्हा तशीच हसली, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे टिपून माझ्याकडे वाकून म्हणाली, "राग मानू नका बाई, पण असल्या माणसाबरोबर तुम्ही घराबाहेर पडलातच कशा?"