घण मारणारीचा चष्मा

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी एक जुना चष्मा आहे. माझ्या काचांवर बारीक काळे डाग दिसतात ना, ती घाण नाही. त्या ठिणग्या आहेत. उडत आल्या, काचेत रुतल्या आणि तिथेच विझल्या. मी मध्ये नसतो तर त्या कुठे रुतल्या असत्या, याचा विचार करा आणि मग पुढचं ऐका.

माझा जन्म काही मायेच्या कुशीत झाला नाही. काचेची जाड चकती फिरत्या चाकावर दाबून धरली, ओल्या वाळूने तिचं पोट खरवडलं, कडा कातरल्या आणि उरलेली काच पोलादी चौकटीत कोंबली. मी किंचाळत होतो आणि कारागीर शीळ घालत होता. देवाने आपल्यावर डूख धरला आहे, असंच मला तेव्हा वाटलं. पण देव कुणाला कशासाठी घासतो, हे घासताना कुठे कळतं?

माझ्या नशिबी घर आलं ते लोहाराचं. पुढे भट्टी, मागे दोन खोल्या. लोहार बसून डाव्या हाताने सांडशीत तापलेलं लोखंड ऐरणीवर धरी. उजव्या हातातल्या हातोडीने त्यावर टक् करून जागा दाखवी, आणि त्याच जागेवर त्याची बायको उभ्याने घण घाली. टक्, धाण्. टक्, धाण्. भात्यावर लोहाराची म्हातारी आई बसे. रस्त्याने जाणारा म्हणे, काय जोडी आहे, एक घाव इकडचा तिकडे नाही.

पण मित्रांनो, खरी गोष्ट अशी की त्या बाईला लोखंड दिसतच नव्हतं. लहानपणापासून लांबचं सगळं तिला पुसट दिसे. जग असंच असतं, अशी तिची समजूत. ऐरणीवर तिला फक्त एक लाल डाग दिसे. ती घण घाली ती त्या टक् वर, कानाने. नवऱ्याचा हात त्या डागापासून वीतभर लांब असे, हे तिला ऐकून ठाऊक होतं, बघून नव्हे.

आणि नवरा कसा? राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला. लोखंड बिघडलं की हात बायकोवर. तो हात येताना तिला कधी दिसायचा नाही. आधी थप्पड लागे, मग नवरा दिसे.

एक दिवस दारावरून पिंपांनी भरलेली गाडी खडखडत गेली. त्या आवाजात हातोडीचा टक् बुडाला. बाईने अंदाजाने घण घातला. तो बसला सांडशीवर. सांडशी उडाली आणि लालबुंद सळई लोहाराच्या पोटरीला चाटून गेली. चामडी करपल्याचा वास सुटला. लोहाराने हातातल्या हातोडीचा दांडा उलटा धरला आणि बायकोला खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे मारलं. ती भिंतीशी मुटकुळं करून बसली.

म्हातारी भाता सोडून उठली. "तिला मारून उद्या तुझा हात वाचणार आहे का रे?" एवढंच म्हणाली. मग दाराजवळ उभी राहून तिने सुनेला विचारलं, "किती बोटं धरली आहेत, सांग."

सून बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, हात कुठे आहे तुमचा?"

म्हातारीने तिला तसंच उठवलं आणि चष्मेवाल्याकडे नेलं. अशी आमची गाठ पडली.

मला डोळ्यांवर चढवल्यावर बाईने पहिल्यांदा काय पाहिलं असेल? आभाळ नाही, झाडं नाहीत. सासूचं तोंड पाहिलं. आणि म्हणाली, "आई, तुमचं नाक वाकडं आहे?"

"सरळ होतं," म्हातारी म्हणाली. "तुझ्या सासऱ्याने वाकवलं."

घरी येताना बाईचे हाल झाले. नवा चष्मा घालणाऱ्याला काय वाटतं, ते आम्हालाच विचारा. जमीन तिच्या अंगावर आली. सपाट रस्त्यावर ती पाण्यात चालल्यासारखी पाय उचलू लागली. उंबऱ्याला ठेच लागली. कपाळ ठणकू लागलं, कानामागची कातडी सोलली, घामाने मी नाकावरून घसरू लागलो. आणि लोहाराचं स्वागत ऐका. म्हणाला, आली मास्तरीण, आता घण घालण्याआधी एक धडा वाचून दाखव. शेजारचा सुतारही कामावरून मान वर काढून हसला.

बाईने दात आवळले आणि घण उचलला. चूक झाली ती इथेच, आणि ती चूक कानाने घण घालणाऱ्याकडूनच होऊ शकते. आता डोळे मिळाले, म्हणून तिने कान सोडून दिले. टक् ची वाट न पाहता, दिसेल तिथे मारायला गेली. त्यातून मान ताठ ठेवून नुसती बुबुळं खाली वळवली. काचेच्या कडेतून ऐरण वाकडी दिसते, सरकलेली दिसते. घण लोखंड चुकून उघड्या ऐरणीवर पडला. आणि रिकाम्या ऐरणीवर पडलेला घण गप्प बसत नाही, उलटा उसळतो. त्याचा दांडा तिच्या कपाळावर बसला. रक्ताची धार लागली. मी उडून जमिनीवर पडलो, माझी एक काडी मोडली.

घण लोहाराच्या बोटांना वारा घालून गेला होता. तो पांढराफटक पडला आणि त्याच भीतीचा राग झाला. बायकोला एक ठेवून दिली. मग मी दिसलो. माझा चुरा करायला त्याने टाच उचलली. नाल मारलेल्या जोड्याची जाड टाच. मी मनात देवाचं नाव घेतलं.

टाच खाली आली, पण माझ्यावर नाही. म्हातारीने मध्ये आपला पंजा घातला होता. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

म्हातारी रडली नाही. वर बघून म्हणाली, "दाब अजून. तुझ्या बापाने नाक घेतलं, तू हात घे."

लोहार मागे सरकला आणि घराबाहेर निघून गेला.

म्हातारीचा पंजा फळीला बांधला, सुनेचं कपाळ बांधलं, मला तांब्याच्या तारेने बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जखमी ऐरणीपाशी. म्हातारीने गार लोखंडाचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या, धड हाताने हातोडी धरली. "बुबुळं फिरवू नकोस, मान वाकव," ती सांगे. "आणि कान का झोपवलेस? देवाने दिलेलं टाकायचं नसतं, पोरी. आधी ऐक, मग बघ, मग घाल." घाव चुकत होते, घण उसळत होता, बाईचे तळहात फुटले. तरी ती घालत राहिली. दुपारपर्यंत जमीन तिच्यासाठी सपाट झाली.

तेव्हा लोहार आला. बायकोच्या नाकावर मला बघताच त्याचा हात मला ओरबाडायला पुढे झाला. मित्रांनो, तो हात तिला आयुष्यात पहिल्यांदा येताना दिसला. तिने तो हवेतच मनगटाशी धरला. घण पेलणारी मूठ ती. लोहाराने झटका दिला, दुसरा दिला, सुटेना.

"आता मला दिसतं," ती म्हणाली आणि सोडून दिलं.

काम तर करायचं होतं. म्हातारीने एका हाताने भाता ओढला. लोहाराने भट्टीतून तापलेली कुदळ काढली, ऐरणीवर धरली. बाईने घण डोक्यावर नेला. तिला आता सारं स्वच्छ दिसत होतं: लाल लोखंड, काळी सांडशी, आणि तिच्यावर नवऱ्याची बोटं, एकेक वेगळं. काल ज्यांनी मारलं तीच बोटं. मी तिच्या डोळ्यांपुढे होतो, म्हणून सांगतो. तिची नजर लोखंडावरून त्या बोटांवर गेली आणि तिथे थांबली. लोहाराने मान वर केली तेव्हा त्याला ती नजर बोटांवर थांबलेली दिसली.

"चुकशील म्हणून आजवर भीत होतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आज चुकणार नाहीस, म्हणून भीती वाटते."

"भ्या," ती म्हणाली. "पण हात हलवू नका. जागा दाखवा."

भाता थांबला होता. मग हातोडी वाजली, टक्. आणि घण कुदळीवर बरोबर मधोमध बसला.

लोहार त्या दिवसापासून संत झाला, असं सांगितलं तर मला पाप लागेल. त्याची जीभ तशीच राहिली. पण हात उठला नाही. रोज शंभर वेळा जो हात तिच्या घणाखाली ठेवायचा, तो तिच्यावर उगारायचा कसा, हे त्याला तेव्हा समजलं. ठिणग्या खात मी तिच्या नाकावर म्हातारा झालो. आता दृष्टीला पुरत नाही, म्हणून फडताळात पडून असतो.

एक मागणं आहे. नवा चष्मा लावणाऱ्याला हसू नका. त्याच्या पायाखालची जमीन खरोखर हलत असते, तिला ठरायला वेळ द्या. माझ्यासारख्याला काच खाली करून ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणाचं काम पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर हात उचलण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. छे, उलटंच सांगितलं मी. हात उचलायचाच नाही. डोळे मात्र तपासून घ्या.