जानेवारीचा पहिला नग

तो रविवार अगदी साधा होता. निघोज्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कढीला फोडणी पडली होती आणि समाधानराव व त्यांची धाकटी स्नेहल समोरासमोर वाद घालत बसले होते. मधे मी. मी अभ्यासाचं टेबल. जुनं, पाइनच्या लाकडाचं, एक पाय जरा आखूड असलेलं.

वाद परीक्षेचा होता. मित्रांनो, इंजिनिअरिंगची ती प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा देता येते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोन्हींतले चांगले गुण धरतात. स्नेहलला फक्त एप्रिलची द्यायची होती.

"बोर्डाचा अभ्यास अर्धा राहिलाय, पप्पा. जानेवारीत तोंडावर आपटेन."

"आपट की. पहिला नग हाय तो."

"मी काय पत्र्याचा ब्रॅकेट आहे का?"

"ब्रॅकेट बरा, माय. उलटून बोलत नाही."

आतून तिची आई, अंजलीबाई, हसल्या. फॉर्मचं उद्या बघू असं ठरलं आणि सगळे जेवायला उठले.

समाधानराव परभणीकडचे. चाकणच्या एका कारखान्यात ते प्रेसवर सेटर होते, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रात डाय, म्हणजे साचा, बसवायचे. डाय बदलली की निघणारा पहिला नग फक्त तपासायचा असतो, तो मालात जात नाही. त्यात खोट निघाली तर कोणी रागावत नाही. खोट कळावी म्हणूनच तो काढतात. घरातही त्यांचं सगळं त्याच रीतीनं चालायचं. नव्या तव्यावरची पहिली भाकरी, नव्या पेनाची पहिली ओळ, काहीच ते मोजत नसत.

माझा जन्मही त्याच कारखान्यातला. परदेशातून एक मशीन आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या होते मी. गेटपास करून समाधानरावांनी त्या घरी आणल्या, थोरल्या योगिनीसाठी. ती तेव्हा बारावीला होती. रंधा मारता मारता ते तिला म्हणाले, "समुद्र ओलांडून आलंय हे लाकूड. तुला एवढी बारावी ओलांडायचीय."

योगिनी माझ्यापाशी बसायची तेव्हा परीक्षेच्या भीतीनं एकच गणित तीन-तीनदा खोडायची. मला ते कळायचं. ती खोडायला लागली की आखूड पायामुळे मी डुगडुगायचे. एका संध्याकाळी समाधानराव तिच्याजवळ टेकले.

"कशाला भ्यायलीस? जानेवारीचा पेपर मोजायचाच नाही. बघून ये, चुका घेऊन ये. खरा माल एप्रिलला. आन् तिसरी खेप नाही बरं, वर्षभर घरात बसून झुरायचं नाही."

झालं भलतंच. एप्रिलच्या वेळी नातेवाइकांचे फोन सुरू झाले, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे लागल्या, आणि गुण घसरले. जानेवारीचेच वरचढ ठरले. त्यांच्यावरच चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

समाधानराव ओशाळून हसले. "माझं गणितच चुकलं म्हणायचं. पहिलाच नग पास!" पेढे वाटताना जो अभिनंदन करी, त्याला ते म्हणत, "पोरगीच हुशार. आमचं काय त्यात?" योगिनी पेढ्यांचा पुडा धरून शेजारी उभी होती. तिनं फक्त पुढचा पेढा पुढे केला.

पुढे ती शिकली, नोकरीला लागली, पुनावळ्यात राहू लागली. मला गॅलरीत ठेवलं. माझ्यावर कांदे पसरले, हेल्मेटं आली, ऊन-पावसानं माझ्या फळ्या तडकल्या. स्नेहल बारावीत गेल्यावर समाधानरावांनीच मला आत घेतलं आणि जवसाचं तेल चोळलं. त्यांच्या तळव्याचे घट्टे मला ओळखीचे होते.

आणि मग त्या रविवारनंतरचा सोमवार आला. पहिल्या शिफ्टला निघताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

तेरावं झालं. फॉर्मची मुदत संपत आली होती. योगिनीनं माझ्यावर लॅपटॉप उघडला.

"ताई, जानेवारी राहू दे," स्नेहल म्हणाली. "आता तर मला जमणारच नाही. तू हुशार होतीस, तुझं वेगळं."

"एप्रिललाही मीच होते ना? मग गुण का पडले?"

स्नेहल माझ्या फळीतला तडा नखानं खरवडू लागली.

"जानेवारीत मी निवांत होते, स्नेहू. कोणी मोजणार नव्हतं. एवढाच फरक."

"तू माझे मोजणार नाहीस?"

"नाही. आईपण नाही."

स्नेहलनं नाक पुसलं आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

मित्रांनो, आम्ही लाकडाच्या वस्तू उशिरा चोळलेलं तेलही पिऊन घेतो. माणसांना तसं जमत नाही. ज्यांच्यामुळे तुमची भीती गेली, त्यांना ते सांगा. ते समोर जेवायला बसलेले असतानाच सांगा.

योगिनीनं माझ्या कडेवर दोन्ही हात टेकले. खोलीत त्या दोघी आणि मीच होते, तरी ती मोठ्यानं बोलली, पलीकडच्या खोलीत ऐकू जावं तसं.

"पप्पा, मी घाबरले नाही ते तुमच्यामुळे. ते गुण तुमचे होते."