'फ्रॉम'च्या चार चिठ्ठ्या

एडविन क्रॅडकने सोमवारपासून तिसऱ्यांदा चिठ्ठ्या मोजल्या. 'डिफरंट' या शब्दाच्या कप्प्यात दोन जुड्या होत्या. 'डिफरंट'पुढे 'टू' आलेल्या वाक्यांच्या चिठ्ठ्या एकसष्ट. 'फ्रॉम' आलेल्या वाक्यांच्या चार.

चारच! ज्या 'फ्रॉम'वाचून प्रवचन होत नाही की अग्रलेख निघत नाही, ज्याच्या जागी 'टू' लिहिलं म्हणून शाळेत मास्तरांनी त्याच्या तळहातावर वेत ओढले होते, त्याच्या वाट्याला चार चिठ्ठ्या. क्रॅडकचा स्वतःच्या मोजणीवर फारसा भरवसा नव्हता. म्हणूनच तो तीनदा मोजत होता. पण तीनदा मोजूनही चारच्या पाच होईनात.

इंग्लंडातल्या लडलो गावात, बी-बियाण्यांच्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर हा इंग्रजी शब्दकोश गेली तीस वर्षं तयार होत होता. देशभरातले पाद्री, शिक्षिका, निवृत्त कर्नल फावल्या वेळात पुस्तकं वाचत, त्यातली वाक्यं हाताच्या पंजाएवढ्या चिठ्ठ्यांवर उतरवून पोस्टाने पाठवत. माळ्यावर त्या लावायला दोघं होते: क्रॅडक आणि पॅस्को. 'डिफरंट'चं पान शुक्रवारी छापखान्यात जायचं होतं. जेवढ्या चिठ्ठ्या, तेवढा पुरावा. म्हणजे कोशात 'टू' पाटावर आणि 'फ्रॉम' उंबऱ्याबाहेर.

"काय क्रॅडक, पत्ते पिसताय की काय?" पॅस्को समोरच्या टेबलावरून ओरडला. माणूस कॉर्नवॉलच्या समुद्रकाठचा, आवाज बोटीवर शोभेल असा.

"पॅस्को, तुम्ही... या कप्प्याला हात लावला होता का?"

"रोज लावतो. त्याचाच तर पगार घेतो."

"'फ्रॉम'च्या चिठ्ठ्या फार कमी वाटतात."

"वाटणारच. जग सुधारतंय! आमची आजी जन्मभर 'टू' म्हणाली आणि चौऱ्याण्णव वर्षं जगली. तुमचे ते वेतवाले मास्तर किती जगले?"

"छप्पन्न."

"बघा!"

आणि पॅस्कोने कोटाच्या खिशातून कागदाचा एक तुकडा काढला, त्याची बारीक सुरळी वळली, शेगडीत पेटवली आणि पाइपला लावली. हे तो आठ वर्षं करत आला होता. क्रॅडकने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, की तुकडा पंजाएवढा होता आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पॅस्कोचा उजवा खिसा नेहमी फुगलेला. जेवणाच्या सुट्टीतून तो आधी परततो, म्हणजे दहा मिनिटं माळ्यावर एकटाच. मंगळवारी क्रॅडक जिन्यावरून आला तेव्हा पॅस्कोने कप्प्याचं दार जरा घाईनेच लावलं. घाईनेच ना? की नेहमीसारखंच? क्रॅडकला खात्री देता येईना. पण खात्री देता येत नाही हेच त्याला संशयास्पद वाटू लागलं.

चहा घेऊन येणाऱ्या मिसेस बेडोजना त्याने हळूच विचारलं, "शेगडीतल्या राखेत कागद फार असतो का हो?"

"असतो की. तुम्ही साहेब लोक कागदच जाळता. आमच्याकडे कोळसा जाळतात."

बुधवारी त्याने डॉ. विदर्सना पत्र लिहिलं. डॉक्टर म्हणजे कोशाचे मुख्य संपादक. गुरुवारी दुपारच्या गाडीने श्रूझबरीहून परतणार होते. दोन वर्षांपूर्वी एका मदतनिसाने एक जुडी घरी नेऊन हरवली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंतही थांबू दिलं नव्हतं. पॅस्को त्रेपन्न वर्षांचा होता. शब्द लावण्याखेरीज दुसरं काही येत नसलेल्या माणसाला या वयात कोण उभं करणार? क्रॅडकला हे कळत होतं. त्याने पत्र चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाकिटात घातलं, वर 'खाजगी' लिहिलं आणि डॉक्टरांच्या टपालाच्या तबकात ठेवलं.

गुरुवारी सकाळी त्याला पुरावा सुचला. नोकरी लागण्याआधी एकोणीस वर्षं तो स्वतःच कोशाचा वाचक होता. पाठवलेल्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीची खूण करायची त्याची रीत होती. ती पुस्तकं घरी होती. त्यात 'फ्रॉम'शेजारी खुणा आहेत आणि इथे चिठ्ठ्या नाहीत, एवढं दाखवलं की झालं. दाढ दुखतेय असं मिसेस बेडोजना सांगून तो घरी गेला.

एका शिकारवेड्या पाद्र्याच्या आठवणींचं पुस्तक त्याने आधी उघडलं. पान एकतीस: 'डिफरंट फ्रॉम'. शेजारी खूण नाही. पान अठ्ठेचाळीस: पुन्हा. खूण नाही. पान त्र्याण्णव, एकशे सात, एकशे दहा. समास कोरे करकरीत. एकशे बाराव्या पानावर मात्र पेन्सिलीची जाड खूण आणि वर उद्गारचिन्ह. तिथे पाद्र्याने 'डिफरंट टू' लिहिलं होतं.

त्याने दुसरं पुस्तक काढलं. मग तिसरं. तिन्हीत मिळून 'फ्रॉम' पन्नासेक ठिकाणी होता आणि खूण एकाही ठिकाणी नव्हती. पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून वाचकांसाठीचं सूचनापत्रक चिकटवलेलं होतं. जे विचित्र, दुर्मीळ, नवं वाटेल ते टिपा, या ओळीखाली त्याने तरुणपणी दोन रेघा मारल्या होत्या. साधे शब्दही जमतील तेवढे टिपा, असं खाली होतं. त्या ओळीखाली रेघ नव्हती.

क्रॅडक पलंगावर बसला. चोरी झालीच नव्हती. रोजचं, सगळ्यांच्या तोंडचं, ते टिपायला कोण वाकतो? गारा पडल्या की माणूस रोजनिशीत लिहितो. ऊन पडलं म्हणून लिहीत नाही. देशभरच्या शेकडो वाचकांनी 'फ्रॉम' तसाच सोडून दिला होता. त्यात तोही होता.

मग त्याला तबक आठवलं.

टोपी न घालता, पाद्र्याचं पुस्तक काखेत मारून तो उतारावरून धावला. माळ्यावर पोचला तेव्हा डॉक्टरांची कोटाची खुंटी अजून रिकामी होती. तबकही रिकामं होतं. पाकीट पॅस्कोच्या हातात होतं, न फोडलेलं.

"दाढ कशी आहे?" पॅस्को म्हणाला.

"दाढ... बरी आहे."

"मी तबकात तपासलेली पानं ठेवायला गेलो होतो. अक्षर तुमचं. आठ वर्षांत तुम्ही डॉक्टरांना कधी 'खाजगी' लिहिलं नाहीत. आणि दोन दिवस माझ्या खिशाकडे बघताय. माझ्याबद्दल आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. पगाराबद्दल आहे, प्रकृतीबद्दल आहे, काहीही.

"तुमच्याबद्दलच आहे," क्रॅडक म्हणाला. "तुम्ही 'फ्रॉम'च्या चिठ्ठ्या जाळता, असं लिहिलंय. ते चूक आहे. मीच... आम्ही कोणी त्या कधी पाठवल्याच नव्हत्या." आणि पुस्तक उघडून त्याने ते कोरे समास दाखवले.

पॅस्को आधी मोठ्याने हसला. "म्हणजे मी पाइप ओढायला इंग्रजी भाषा जाळत होतो!" मग हसू विरलं. त्याने पाकीट क्रॅडकपुढे सरकवलं. "घ्या. टाका शेगडीत."

क्रॅडकने पाकीट निखाऱ्यांवर ठेवलं. ते पेटलं.

"उद्यापर्यंत 'फ्रॉम'च्या निदान चाळीस चिठ्ठ्या तरी हव्यात," पॅस्को म्हणाला. "तुम्ही पाद्री घ्या, मी वर्तमानपत्रं घेतो."

दोघं लिहायला बसले. थोड्या वेळाने पॅस्कोने सवयीने खिशात हात घालून एक तुकडा काढला, सुरळी वळली, आणि थांबला. ती सुरळी त्याने क्रॅडकच्या कागदांवर ठेवली आणि पाइप भरू लागला.

बघायची गरज नव्हती. तरीही क्रॅडकची बोटं आपोआप पुढे गेली आणि त्यांनी सुरळी उलगडली. वाटाण्याच्या बियाण्याची जाहिरात होती, मागे पॅस्कोच्या बायकोने लिहिलेली बाजाराची यादी: साबण, मेणबत्त्या, यीस्ट.

त्याने वर पाहिलं. पॅस्को त्याच्या बोटांकडेच बघत होता.

"नीट वाचलंत ना?" तो म्हणाला. मग त्याने यादी परत घेतली, पाइप न पेटवताच खिशात टाकला आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच आपली खुर्ची खिडकीकडे वळवून, पाठ करून लिहू लागला.