माहेरच्या बिल्ल्याची गाय

"नमदल्लरी अक्का, ही गाय आमची नव्हे," असं अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत म्हणून गुरुप्रसादनं मोबाईल खिशात घातला आणि रुक्मिणीअक्काच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"मी कुठं म्हटलं तुझी हाय म्हणून? माझी हाय. तू सुई टोच आन जा."

मारुतीच्या देवळापुढं सकाळपासून एकेक जनावर खोड्यात घालून लस टोचणं चाललं होतं. शेजारच्या गावात गाठीच्या रोगानं चार बैल बसले ते उठलेच नाहीत, तेव्हा कुठं खात्याला जाग आली. कलघटगीहून गाडी आली, बर्फाची पेटी आली. माझ्या दोन्ही बैलांना टोचून झालं होतं. सगळ्या गावाचं झालं होतं. राहिली एकटी तांबू.

गुरुप्रसाद पशुखात्याचा माणूस, तसा सरळ. त्याचा मोबाईल मात्र सरळ नव्हता. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे त्यात घातले की मालकाचं नाव-गाव उमटायचं. तांबूचे आकडे घातल्यावर यशवंत पाटलाचं नाव आलं, आणि राज्य महाराष्ट्र. आमचं गाव तर कर्नाटकात.

यशवंत पाटील म्हणजे अक्काचा व्याही. दोन वर्षांमागं त्यानं आपली अर्चना अक्काच्या संदीपला दिली, तेव्हा आमच्याकडच्या रीतीनं लेकीबरोबर आंदण म्हणून ही कालवड आली. सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायला संदीपनं सहा खेपा घातल्या. गाईचंही नाव कुठं चढवावं लागतं, हे आमच्यापैकी कुणाच्या टाळक्यात आलं नाही. आता तांबू पहिलारू होती, महिन्याभरात विणार होती.

"अक्का, टोचलो तर कुणाच्या नावावर लिहू मी?" गुरुप्रसाद काकुळतीला आला. "त्यांनी आपल्याकडचं नाव सोडूदे, मग आम्ही घेतो की."

अर्चनानं उभ्या उभ्या बापाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी यशवंतरावांचा उलटा फोन आला. "हितल्या पशुखात्यात जाऊन आलो बाळ. ते म्हणत्यात, नाव सोडायला जनावर समोर पायजे. घिऊन या."

"आन नाक्यावर कोण सोडंल?" अर्चना किंचाळलीच. "रोगामुळं दोन्हीकडनं जनावरं बंद केल्यात न्हवं?"

"तेबी म्हटलो. म्हणले, बंदी उठली की या."

मी शेजारचा, त्यांच्या कट्ट्यावर बसून ऐकत होतो. माझ्या बैलांना लस मिळाली होती, तेव्हा मला तापायचं काही कारण नव्हतं. तरी माझं डोकं फिरलं. हा रोग माशा-डासांनी पसरतो. माशी काही बिल्ला वाचून बसत नाही, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं.

पाचव्या दिवशी खालच्या आळीत एका बैलाच्या मानेवर गाठी उठल्या. संदीपनं आपल्या लग्नातली मच्छरदाणी सोडून गोठ्यात बांधली. अक्का दिवसभर कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत बसली. डोळे तिचेच लाल झाले.

गुरुप्रसादनंच मग हळूच सांगितलं, की याच रोगासाठी दोन्ही राज्यांच्या साहेबांची गुरुवारी धारवाडला बैठक आहे. अक्का, अर्चना आणि मी सकाळच्या बसनं गेलो. दारावरच्या शिपायानं हात आडवा केला. अक्का त्या हाताखालून वाकून आत गेली.

आत भिंतीवर भला मोठा नकाशा, त्यावर लाल गोल, टेबलावर काजूच्या बशा. अक्कानं सगळं एकदा मराठीत सांगितलं, एकदा कन्नडात सांगितलं, म्हणजे कळलं नाही म्हणायला कुणाला जागा नको. दोन्ही साहेबांना कळलं. दोघांनीही आमच्यासाठी चहा सांगितला.

"मावशी, गाय सध्या यांच्याकडं आहे ना? मग लस यांनीच द्यायची," पलीकडचे साहेब म्हणाले.

"नोंद त्यांच्याकडं आहे, जबाबदारीही त्यांचीच," इकडचे साहेब कन्नडात म्हणाले. मग गोड हसून म्हणाले, "अशा जनावरांसाठी दोघं मिळून उपसमिती नेमतोय. दोन महिन्यांत अहवाल येईल."

"दोन महिन्यांत माझी गाय खड्ड्यात जाईल की ओ!"

साहेबांनी काजूची बशी पुढं सरकवली. चहा आला, आम्ही तो तसाच ठेवून उठलो.

घरी आल्या आल्या अक्कानं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला आणि गोठ्यात शिरली.

"आई, सरकारी बिल्ला हाय तो!" संदीप ओरडला.

"आन गाय कुणाची हाय? मुंडी धर तिची."

कचकन बिल्ला तुटला. तांबूनं कान झटकला, एवढंच. अक्कानं गुरुप्रसादला बोलावून घेतलं. "बघ आता, तुझा मोबाईल काय म्हणतोय."

त्यानं कानाचं भोक बघितलं, अक्काच्या तोंडाकडं बघितलं. सगळं समजला. मोबाईल काही त्यानं बाहेर काढला नाही. "बिना बिल्ल्याच्या जनावराला आधी नवीन बिल्ला मारायचा, मग लस. असा नियम आहे अक्का."

"मग मार की. कुणाची वाट बघूलालायस?"

दुसऱ्या कानात अक्काच्या नावाचा नवा बिल्ला बसला, मानेवर लस टोचून झाली. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं लागली होती. या चार मिनिटांसाठी नऊ दिवस आमचं रक्त आटवलं या लोकांनी.

अक्कानं तुटका बिल्ला पाकिटात घालून पलीकडच्या साहेबांना पोस्टानं धाडून दिला. ज्याचा त्याला, म्हणाली.

विसाव्या दिवशी गुरुप्रसाद मान खाली घालून एक कागद घेऊन आला. सरकारी बिल्ला तोडल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर कारवाई होईल. अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात, दोन राज्यांचे दोन शिक्के, आणि खाली दोन्ही साहेबांच्या सह्या शेजारी शेजारी.

अर्चनानं वाचून दाखवलं. अक्का तांबूपुढं वैरण टाकत होती. हातातली पेंडी तशीच धरून म्हणाली, "खुलासा पायजे व्हय? लिही. तुम्हा दोघांस्नी एका कागदावर सही करता येती, तर मग माझ्या गाईच्या येळंला तुमचं हात काय मोडलं हुतं?"

अर्चनानं ते मराठीत लिहिलं, संदीपनं कन्नडात लिहिलं. एक शब्द बदलला नाही. खाली अक्काचा अंगठा, आणि त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून मी माझी सही ठोकली.