देवाच्या वजनाचा ढग

मी एक जुना ढग आहे. हसू नका, मित्रांनो. आकाशातले ढग वाऱ्याबरोबर येतात, पाणी सांडतात आणि जातात. मला तसं जाता येत नाही. मी नाटकातला ढग आहे. एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या छताखाली दोराला लटकलो आहे. कुठून वाऱ्याची झुळूक आली की उजवीकडे झुलतो, मग डावीकडे झुलतो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही, आणि इथे तर दुसरं काही करताही येत नाही. म्हणून म्हटलं, निदान बोलून तरी घ्यावं.

माझा जन्म खोक्यांच्या फळ्यांतून झाला. सुताराने त्या फळ्या तासल्या, खिळे ठोकले आणि खाली लोखंडी पट्ट्या मारल्या. गादीवाल्याने जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून माझ्या अंगावर चिकटवला. "ढगाला कोपरे नसतात हो," असं तो सुताराला सारखं बजावत होता. सुतार वैतागून म्हणाला, "तुमच्या ढगावर माणसं उभी राहत नाहीत, माझ्या राहणार आहेत." दोघांचंही खरं होतं. वरून मी गुबगुबीत दिसत होतो आणि आतून चांगला भक्कम होतो. रंग वाळतो न वाळतो तोच मला कधी एकदा वर जातो असं झालं होतं.

त्या नाट्यगृहात एक विनोदी नाटक बसत होतं. त्यात देवाच्या कानावर येतं की पृथ्वीवर नेमलेले देवदूत कामं सोडून झोपा काढतात. देव म्हणतो, आपणच जाऊन बघावं. तो ढगावर बसून खाली उतरतो, तर त्याला कुणी ओळखतच नाही. उलट त्याचाच एक देवदूत त्याला म्हणतो, "रांगेत या, आजोबा." नाटक बसवणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवत. त्यामुळे तालमीतसुद्धा कुणाची चूक खपत नसे.

देवाचं काम कंपाउंडरला मिळालं होतं. दिवसभर दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा, बारीक आवाजाचा, मिश्या नीट कापलेला माणूस. आयुष्यभर त्याने नाटकात दुसरा शिपाई, दार उघडणारा गडी आणि पडदा उघडायच्या आधीच मेलेला सावकार एवढीच कामं केली होती. बाईंनी त्याला देव केला तेव्हा सगळे चकित झाले. बाई म्हणाल्या, "मला दरारा नको. ज्याला रांगेत उभं केलं तर खरंच उभा राहील, असा देव हवाय." कंपाउंडर त्या दिवशी घरी कसा गेला हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं म्हणे.

पण एक गोम होती, आणि ती फक्त मला कळली. कंपाउंडरला उंचीची भीती होती. साधीसुधी नाही, चांगली हातपाय गाळणारी. मागच्या शिडीने छताजवळच्या लाकडी माच्यावर यायचं, मला तिथे आकड्याने अडकवून ठेवलेलं असे, माझ्यावर पाय ठेवायचा आणि मग सगळ्यांसमोर हळूहळू खाली यायचं, एवढंच काम. तो पाय ठेवायचा आणि माझ्या सगळ्या फळ्या थरथरायला लागायच्या. मला वाटलं, माझंच काहीतरी सैल झालं. मग कळलं, हे याचे गुडघे आहेत!

त्याच्या मागे माझ्यावर एक देवदूत बसायची. ती त्याचीच मुलगी. कापडाच्या दुकानात विक्रीला उभी राहायची, बोलायला तिखट. तिला खरं तर त्या रांगेतल्या फटकळ देवदूताचं काम मिळत होतं, भरपूर हशे असलेलं. ते सोडून तिने हे मुकं काम मागून घेतलं. देवाच्या झग्याचं टोक धरून मागे बसायचं, बस्स. बाईंनी कपाळाला हात लावला, पण ती काही ऐकेना.

मला वर-खाली न्यायचे मामा. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण अख्ख्या नाट्यगृहाचे मामा होते. त्यांची पद्धत ठरलेली. माझा दोर कप्पीवरून पलीकडे जाई आणि त्याच्या टोकाला वाळूचं पोतं. मी, देव आणि देवदूत मिळून जेवढं वजन, तेवढीच वाळू. मग दोर नुसता हाताने सैल सोडला तरी पुरे. मामा ते पोतं जाड दोऱ्याने शिवून टाकत, कारण आग विझवायच्या बादल्या भरायला लोक त्यातली वाळू पळवत. आणि त्यांचा एक नियम होता. मी जमिनीला टेकलो की मामा दोर खुंटीला बांधत आणि विंगेतून हळूच म्हणत, "बांधला." तोपर्यंत कुणी पाय खाली टाकायचा नाही. टाकला तर पोतं जड होणार आणि ढग वर जाणार, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तालमी सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. कंपाउंडर दर वेळी डोळे गच्च मिटून उतरायचा. एकदा बाई खालून ओरडल्या, "कंपाउंडर, देव डोळे मिटून येतो का?"

"धूळ गेली डोळ्यात."

"रोज?"

पुढच्या रांगेत वकील बसलेले असायचे. धिप्पाड माणूस, आवाज असा की कप्पी हलावी. त्यांना देवाचं काम हवं होतं आणि देवाची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती. कंपाउंडर अडखळला की ते वाक्य आधीच म्हणून टाकायचे. शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघा, जमत नसेल तर आत्ताच सांगा. पहिला प्रयोग बघून मी ठरवणार. डोळे मिटलेले दिसले तर दुसऱ्या प्रयोगाला वकीलसाहेब उभे राहतील."

"जमतंय, बाई. जमतंय," कंपाउंडर म्हणाला.  आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं काम निसटत होतं आणि कारण सांगायची सोय नव्हती. त्याला वाटत होतं, मुलीला कळलं तर काय म्हणेल? लहानपणी तिला "घाबरायचं काय त्यात?" असं म्हणत झाडावर चढवणारा हाच बाप.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह खचाखच भरलं. पडदा उघडला, वाद्यं वाजली आणि मी निघालो. अहाहा, काय ते माझं उतरणं! पोरं माझ्याकडे बोटं दाखवत होती. आणि खरं सांगतो, कंपाउंडरचे डोळे उघडे होते. पाण्याने भरलेले होते, पण उघडे होते. मी जमिनीला टेकलो. आता नुसतं थांबायचं. पण जमीन दिसली आणि त्या बिचाऱ्याला धीर धरवेना. मामांनी "बांधला" म्हणायच्या आत मुलीच्या हाताला हिसका देत त्याने टुणकन उडी टाकली.

पुढचं एका क्षणात झालं. पोतं धाडकन खाली, मी सुसाट वर. मामांच्या तळहातांची साल निघाली. पुढचं वजन गेल्यामुळे मी मागे कललो आणि मागे कोण होतं? ती पोर माझ्या कापसात बोटं रुतवून लोंबकळत होती. तिने किंकाळी फोडली, "बाबा!"

प्रेक्षक खदाखदा हसले. त्यांना वाटलं, नाटकातच आहे.

विंगेत धावपळ उडाली. वाळू काढून मला खाली आणावं, तर पोतं काही सुटेना, कारण शिवलेलं. उसवायला वेळ नव्हता, आणि भलतीच वाळू सांडली तर मी पोरीसकट आदळलो असतो. वकील पुढे सरसावले, "मी जातो वर." मामा हात झटकत म्हणाले, "तुम्ही बसलात तर ढग दगडासारखा खाली येईल, साहेब. या पोत्यात त्याच्या वजनाचा हिशेब आहे. त्यालाच जायला पाहिजे." मागून जायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी रंगमंचाच्या कडेची शिडी दाखवली. ती प्रेक्षकांना सबंध दिसत होती.

कंपाउंडर शिडीपाशी गेला. मी वरून बघत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तो पांढरा झगा खोचून चढायला लागला. प्रेक्षक शांत झाले. हे नाटकात आहे की नाही, ते त्यांना कळेना. अर्ध्यावर त्याचे हात अडले. पाय पुढे जाईना. तेवढ्यात त्याने खाली पाहिलं, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खाली बघू नये म्हणतात! पण मी देव पडलो, मला खालीच बघावं लागतं!"

छप्पर उडेल एवढा हशा झाला. तो हशा ओसरायच्या आत तो आणखी वर चढला. "ही शिडी दुरुस्तीला टाका म्हणून किती वर्षं सांगतोय! कुठला देवदूत आहे जागेवर?" पुन्हा हशा. प्रत्येक हशाला तो एक पायरी चढत होता. माच्यावर पोहोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला रंग उरला नव्हता. माझ्यात आणि माच्यात चांगलं अंतर पडलं होतं आणि मी झुलत होतो. मित्रांनो, मला त्या दिवशी स्थिर राहायचं होतं हो. पण मला कुठे येतं स्थिर राहता?

"बाबा, नका येऊ, पडाल," पोरगी पुटपुटली.

"गप बस, आलो," तो म्हणाला आणि त्याने पाय टाकला.

त्याचं वजन पडलं आणि मी सरळ झालो. खाली वकिलांनी मामांच्या हातातला दोर आपल्या हातात घेतला होता. त्यांनी तो इतका जपून सोडला की मी कधी टेकलो हे मलाच कळलं नाही. खुंटीला गाठ मारून वकील आपल्या त्या गडगडाटी आवाजात म्हणाले, "बांधला!" तेव्हाही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रयोग संपल्यावर बाई आल्या. कंपाउंडर मान खाली घालून उभा होता. काम गेलं, असंच त्याने धरलं होतं. बाई म्हणाल्या, "ते शिडीचं आहे ना, ते ठेवायचं. दर प्रयोगाला." कंपाउंडर मटकन माझ्यावरच बसला. काम राहिलं होतं, पण भीती दुप्पट झाली होती!

सगळे गेल्यावर तो मुलीला म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. मला उंचावर फार भीती वाटते."

"माहितीये," ती चेहऱ्यावरची पावडर पुसत म्हणाली. "शिडीवर चढलात की तुमच्या मानेला घाम फुटतो, लहानपणापासून बघतेय. उगाच का मी ते हशे सोडून तुमच्या मागे येऊन बसले? झग्याचं टोक धरायला? कमरेचा पट्टा धरून ठेवला होता मी तुमचा, पहिल्या तालमीपासून."

तो तिच्या पंखांना चिकटलेला माझा कापूस काढत राहिला.

मग आमचे प्रयोगांवर प्रयोग झाले. गावोगावचे लोक आले. माझं कौतुक झालं, मला नवा कापूस मिळाला. कंपाउंडर दर प्रयोगाला शिडी चढला आणि दर प्रयोगाला माझ्या फळ्या थरथरल्या. भीती काही गेली नाही. ती जाते असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. वर्षं गेली तशी तो वाळत चालला. मामा मधूनमधून पोत्याची शिवण उसवायचे, ओंजळभर वाळू काढायचे, पुन्हा शिवायचे.  त्याचा आजार आधी आम्हालाच कळला, मला आणि मामांना.

तो गेल्यावर नाटक थांबलं. मामांनी मुलीला विचारलं, "पोतं सोडू का गं? ढग खाली घेतो." तिने पोत्यावर हात ठेवला. त्यात तिच्या वडिलांच्या शेवटच्या वजनाइतकी वाळू होती. "राहू दे, मामा," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. मामांनी दोर तसाच ठेवला आणि दिवे बंद केले.

तेव्हापासून मी वर आहे. आधी मला फार बरं वाटलं. आपली आठवण जपली जातेय, असं वाटलं. पण आता मला राहवत नाही. माझा कापूस उंदरांनी नेला, रंगाचे पोपडे उडाले, कप्पी गंजली. अहो, जपणं म्हणजे टांगून ठेवणं का? मी कामाचा ढग आहे. ती मुलगी आता स्वतः नाटकं बसवते, दुसऱ्या नाट्यगृहात. कधीतरी इथे येते, दाराशी उभी राहते, वर बघते आणि निघून जाते. मला ओरडावंसं वाटतं, पण ढगाला कुठला आवाज?

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला ती कुठे भेटली तर माझा एवढा निरोप सांगा. म्हणावं, पोतं उसव. ती वाळू बागेत टाक, नदीत टाक, नाहीतर आग विझवायच्या बादलीत टाक, तुझ्या बाबांना आवडेल. मग नवा कुणी देव शोध आणि त्याच्या वजनाची वाळू भर. तो पहिल्यांदा वर येईल तेव्हा घाबरेल. घाबरू दे. फक्त त्याच्या मागे कुणाला तरी बसव.