गुंडा गेल्यावरची मोट

घशाच्या कॅन्सरने गुंडा गेला. त्याचं दिवसपाणी उरकलं, तसा हंबीरराव मोट धरायला विहिरीवर आला. दोघांची शेती पैऱ्याची. एक बैल याचा, एक त्याचा, विहीर सामाईक. हंबीरराव लढाई संपेपर्यंत पलटणीत होता आणि तेवढी वर्षं दोन्ही घरचा ऊस गुंडानेच भिजवला. हंबीरराव परतला तो पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हा मोट बंद होती आणि गुंडाने अंथरूण धरलं होतं. "तुझा ऊस वाळू देनार न्हाई, गड्या," असा त्याने गुंडाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

आता ऊस पिवळा पडू लागला होता आणि बैल हटून बसले होते. भरली मोट ओढत उताराला झकास जात, पण रिकामी मोट विहिरीत सोडायला मागे सरायचं म्हटलं की जागचे हलत नसत. हंबीररावाने गोंजारलं, वैरण दाखवली, शेवटी हवालदारी आवाजात "पीछे हटो!" म्हणून गर्जला. गुंडाच्या पाखऱ्या बैलाने शांतपणे शेण टाकलं.

पाटाशी पाणी वळवायला, दारं धरायला उभी असलेली राहीबाई, गुंडाची बायको, हळूच म्हणाली, "भावजी, त्येस्नी गानं लागतंय. ह्येंनी लावल्याली सवय."

"मग सांगा की, वैनी."

"नगं. तुमच्यावरच हाय त्ये."

लय आर्जवं केली, तेव्हा पदराआडून तिने सांगितलं. हंबीररावाच्या मिशा थरथरल्या. बांधापलीकडे सिद्धूच्या रानात चार माणसं खुरपत होती. हवालदाराची अब्रू जाणार होती, पण ऊस जाणं त्याहून वाईट होतं. तो पुटपुटला. बैलांनी कान टवकारले, एक पाऊल मागे घेतलं आणि थांबले.

"मोठ्यानं! ह्ये लय मोठ्यानं म्हनायचे."

हंबीररावाने डोळे मिटून आभाळ फाडलं:

"हंबीर गेला पल्टनीला, बूट घातलं उलटं हो,
जर्मन दिसला लांबनं, पाटलून भिजली त्येची हो!"

बैल सरसर मागे आले. मोट धबाककन पाण्यात पडली. सिद्धूच्या रानातली माणसं खुरपी टाकून हसायला लागली. हंबीररावालाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. परदेशात, तंबूत पडल्या पडल्या त्याला वाटायचं, गावात आता आपली आठवण कोण काढत असेल! आणि इकडे हा गडी दिवसभर, दर फेरीला, त्याच्या नावाने ओरडत होता.

"भावजी, पानी आलं!" बैल उताराला जाऊन भरली मोट पाटात रिकामी झाली, तशी राहीबाईने हाक दिली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला होता.

"वैनी, आनि कडवी हायती का?"

"लय हायती. समदी तुमच्यावरच."

"सांगा समदी," हंबीरराव परत बैलांपुढे उभा राहत म्हणाला. "एक बी गाळू नगा."