भिंगातले घोडे

मी एक जुना काठाचा तवा आहे. माझा दांडा कापलेला आहे आणि पोटात मधोमध एक स्क्रू उभा आहे. मित्रांनो, मला पाहून हसू नका. मी स्वयंपाकघरातून निवृत्त झालो आणि थेट फोटोग्राफीत शिरलो.

आमच्या घरात आई आणि मुलगी अशा दोघीच. आईने कित्येक वर्षे माझ्यावर कांदा परतला. पुढे दांडा खिळखिळा झाला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. मुलगी रानातले फोटो काढते, तेही जमिनीला गाल लावून. गवताच्या मुळाशी कॅमेरा टेकवता येईल असे काहीतरी तिला हवे होते. तिने मला शोधून काढले. वेल्डिंगवाल्याने दांडा कापून भोक पाडले, स्क्रूवर कॅमेरा बसला, आणि माझ्या काठामुळे चिखल त्याच्यापर्यंत पोहोचेना. या वयात तव्याने नशीब काढले, असे आई थट्टेने म्हणायची.

पण मी जात्याच भित्रा. जमिनीवर बसले की जमिनीची हालचाल अंगात येते. त्यात माझ्यावर बसायचे ते रुंद भिंग. ते भलामोठा परिसर एका चौकटीत कोंबते, त्यामुळे जवळचेही लांब दिसते. मुलीला हे तोंडपाठ होते. तरी एकदा डोळा कॅमेऱ्याच्या पडद्याला लागला की माणूस पडद्याचेच खरे मानतो.

त्या सकाळी आम्ही मोकळ्या कुरणात होतो, आईही सोबत आली होती. घोडेवाला आपले घोडे पाण्याकडे सोडणार होता. घोड्यांच्या वाटेच्या कडेलाच राहा, असे त्याने बजावले होते. मुलगी कडेलाच आडवी झाली. पण भिंगातून घोडे फारच बारीक दिसत होते, म्हणून मला ढकलत ढकलत ती पुढे सरकली. आपण वाटेवर कधी आलो ते तिला कळलेच नाही. मला कळले. माझ्याखाली आता गवत नव्हते, टापांनी कडक झालेली माती होती.

मग ती माती थरथरू लागली. आधी हळू, नंतर माझा स्क्रूसुद्धा कुरकुरला. भीतीने दातखीळ बसली म्हणावे, तर मला दात कुठले! ओरडावेसे फार वाटले. मागून आई ओरडली, "ऊठ! आधी ऊठ तिथून!"

"अजून लांब आहेत गं," पडद्यावरून डोळा न काढता मुलगी म्हणाली.

आईने वाद घातला नाही. धावत येऊन तिने मुलीचा घोटा धरला आणि तिला पोत्यासारखे मागे ओढले. मी तिथेच राहिलो. एक टाप माझ्या काठावर पडली, कॅमेरा कलंडला. मला वाटले, संपले.

धूळ बसल्यावर दोघींनी शेवटचा फोटो पाहिला. त्यात घोडा अजून निवांत लांब होता. मुलीने माझ्या चेपलेल्या काठावरून बोट फिरवले.

माझा काठ ठोकून सरळ केला आहे आणि आम्ही पुन्हा बाहेर जातो. माझी भीती मात्र गेलेली नाही. जमीन जराशी हलली तरी काळजाचे पाणी होते. मुलगी आडवी झाली की आई मागे तिचा घोटा धरून बसते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. ओरखड्यांची मला सवय आहे. एवढेच मागतो, चौकटीत डोळा घालून बसाल तेव्हा बाहेरून आलेल्या हाकेला "थांब" म्हणू नका. हाक मारणाऱ्याला घोडा जेवढा जवळ दिसतो, तेवढाच तो जवळ असतो.